कुसुमआत्याचा सिग्नल

चूक कुसुमआत्याची. पहिलंच सांगून टाकतो, नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल पोट्ट्यानं गोलगोल फिरवलं. कुसुमआत्याची, आणि तिचं ऐकणाऱ्या माझ्या बापाची, आणि एका घरात दोन-दोन पंचांगं ठेवणाऱ्या आमच्या अख्ख्या खानदानाची! आता तुम्ही म्हणाल, मोठ्यांबद्दल असं बोलू नये. काहून बोलू नये? मोठ्यांनी करून ठेवायचं आणि लहानांनी बोलायचंही नाही?

तर तुम्हाला सांगतो, आम्ही होडीवर राहत होतो. हसू नका. रायपूरचे लोक, तात्यापाऱ्यात पक्कं घर, समुद्र कुठे तर विशाखापट्टणमला, एक अख्खी रात्र रेल्वेत काढल्यावर... आणि आम्ही शिडाच्या होडीवर! तेवीस फूट लांब. त्यात बाबा, आई, मी, एक गॅस, एक कुकर आणि रंगाच्या डब्यात लावलेली तुळस, जी आईनं डोलकाठीला सुतळीनं बांधून ठेवली होती, का तर म्हणे "वादळ आलं तर ती कुठं जाईल बिचारी?" आम्ही कुठं जाऊ याची काळजी नाही, तुळस कुठं जाईल!

होडी बाबांनी विशाखापट्टणमच्या एका रिटायर नेव्हीवाल्याकडून जुनी घेतली आणि ट्रकवर टाकून बेलडोंगरीच्या धरणावर आणली. रायपूरपासून दीड तास. तिथं एका क्लबाची जेट्टी आहे, हिवाळ्यापुरती चालते, कारण उन्हाळ्यात पाणी उतरतं. रायपूरचे डॉक्टर, बिल्डर रविवारी यायचे, होडीत बसून फोटो काढायचे, भजी खायचे, जायचे. आम्ही दिवाळी झाल्याबरोबर आलो ते राहायलाच. हिवाळा जेट्टीवर काढायचा, हात बसवायचा, मग फेब्रुवारीत मोठ्या पाण्यात निघायचं आणि पावसाळ्यापर्यंत तिकडंच... या बेटावरून त्या बेटावर, वारा नेईल तिकडं. असा बाबांचा प्लॅन.

का? तर माझा बाप इंजन ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, त्यानं काही फरक पडत नाही. बत्तीस वर्षं कोळशाच्या गाड्या ओढल्या. मग डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, काचबिंदू निघाला, तर ऑफिसात खुर्चीवर बसवलं, दुसऱ्यांच्या ड्यूट्या लिहायला. एक दिवस मला म्हणाले, "पराग, तुले माहीत आहे का, इंजनाले स्टेअरिंग नसते. लोकायले वाटते ड्रायव्हर गाडी वळवते. वळवते पटरी! मी बत्तीस वर्षं निस्ता बसून होतो." आणि हसले. मला नाही आलं हसू. तुम्हाला आलं असतं?

समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं दोन ऑपरेशनं करूनही सांगितलं होतं, डावा डोळा गेला, उजवा पावसाळ्यापर्यंत धरून चला, पुढचं मी सांगत नाही. त्या उजव्या डोळ्यानंही बाबांना सगळं नळीतून दिसल्यासारखं. समोर एवढंसं गोल, बाकी अंधार. बाजूचं कुणीतरी सांगायला पाहिजे. म्हणून मी कॉलेज सोडलं. लोक म्हणतात, बापासाठी सोडलं, काय पोट्टा आहे! खोटं. पाच विषय राहिले होते, तसंही सोडणारच होतो. पण होडीवर मी कामाचा निघालो, एवढं खरं. दोऱ्या माझ्याकडं, शीड माझ्याकडं, आणि सुकाणू? ते जेट्टीला बांधलेल्या होडीत बाबा रोज सकाळी हातात धरून बसायचे. होडी बांधलेली! आणि हे वळवून राहिले. "डावीकडं काय आहे?" "भज्याचं दुकान आहे, बाबा."

निघायचं ठरलं बारा फेब्रुवारीला. जेट्टीवरचा शालिग्राम, तिथल्याच गावचा ढीमर, म्हणजे कोळी, पाण्यात जन्म काढलेला माणूस, त्यानं बोट करून दाखवलं. जेट्टीच्या समोर, पाण्याखाली, बुडालेल्या गावच्या तलावाचा पार आहे, म्हणजे मातीचा लांब बांध. त्याच्या अलीकडं आमची खाडी, पलीकडं मोठं पाणी. आणि होडीच्या पोटाखाली लोखंडाचं पातं असतं, ते साडेतीन फूट खाली. शालिग्राम म्हणाला, "होरी के पहिली निकल जावव, भैया. पानी उतरही, त पार ह रद्दा छेंक दिही." होळीच्या आधी निघा, नाहीतर बांध वाट अडवेल. आणखी किती सोपं सांगावं माणसानं?

आणि अकरा तारखेला रायपूरच्या पुरानी बस्तीतून आली कुसुमआत्या. बाबांची मोठी बहीण. एका पिशवीत तिळाचे लाडू, दुसऱ्या पिशवीत पंचांगं. जेट्टीवर खुर्ची टाकून बसली, चष्मा लावला. "निघायचं कोणत्या दिशेनं?"

"दक्षिणेनं," मी म्हणालो.

"गुरुवारी दक्षिणेकडं? अरे दिशाशूळ आहे! रामकृष्णा, पोट्टा लहान आहे, तुले तरी समजते का नाही?"

बाबा म्हणाले, "थांबू."

बरं, थांबू. एक दिवस. शुक्रवारी? "शिवरात्र तोंडावर आणि तुम्ही देव सोडून निघाले?" थांबू. शिवरात्र झाली. "आता अमावस्या." थांबू. अमावस्या गेली, मी दोरीला हात घातला, तर आत्याचा फोन, "आता होलाष्टक लागते, होळीपर्यंत आठ दिवस नवीन काही नाही." मी म्हणालो, आत्या, होलाष्टक इकडच्या लोकांचं, आपल्या मराठी लोकांत कुठं असतं ते? तर काय म्हणते, "नागपूरच्या भोसल्यांच्या वेळेपासून इथंच आहोत ना? इथलं पाणी प्यायलं, मग इथलं वाईटही लागते आपल्याले!"

म्हणजे बघा तुम्ही! नागपूरकडच्या मराठी माणसाला मराठी अपशकुन, इकडच्या माणसाला इकडचे, आणि आम्हाला दोन्ही! शुभ दिवस मात्र दोन्हीकडचे जुळले पाहिजेत. असे दिवस वर्षात निघतात किती? आमच्या घरात लग्नं होतात हाच चमत्कार आहे.

आणि बाबा काय म्हणाले? "थांबू."

इकडं पाणी उतरून राहिलं. खालच्या गावांचे तलाव भरायला गेट उघडले होते, दरवर्षी उघडतात, त्यात कुणाचा गुन्हा नाही. मी जेट्टीच्या खांबावर खडूनं रेघ मारायचो, दुसऱ्या दिवशी रेघ चार बोटं वर. क्लबवाल्यांच्या होड्या एकेक करून ट्रेलरवर चढल्या, गेल्या. भज्यावाला गेला. शालिग्राम रोज सकाळी बांबू घेऊन पारावर पाणी मोजून यायचा, आणि आला की आमच्याकडं बघायचा. मी विचारायचो, "अभी निकल जाएगी?" तो म्हणायचा, "हव, आज निकल जाही." रोज 'आज'! उद्याचं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

होळी झाली. मी म्हणालो, चला! आत्या म्हणाली, "खरमास लागून राहिला, महिनाभर शुभ काम नाही. आणि आपलं वर्ष संपत आलं, सरत्या वर्षात कोणी घर सोडते का? पाडव्याले निघा. पाडव्याले मुहूर्त पाहावाच लागत नाही!" मग मी भांडलो. खूप भांडलो. आई कणीक मळत होती, तिच्यासमोर बाबांना म्हणालो, "काहून ऐकता तिचं? डोळा तुमचा जाऊन राहिला का तिचा?"

बाबा म्हणाले, "बत्तीस वर्षांत एकदाही मी लाल सिग्नल ओलांडला नाही, पराग. एकदाही."

"तो सिग्नल नाहीये बाबा, ती आत्या आहे!"

आई हसली, आणि मग डोळ्याला पदर लावला, आणि कणीक लागली डोळ्याला. बाबा म्हणाले, "ताईनं लहानपणी हात धरून रस्ता ओलांडवला मले. ती थांब म्हणते त मी थांबतो. थांबू."

आणि खरं सांगू? दोरी माझ्याच हातात होती. सगळ्यांना भित्रे म्हणणारा मी, एखाद्या पहाटे गाठ सोडली असती तर बाबा झोपेतून उठून काय करणार होते? नाही सोडली. मीपण थांबलो.

पाडवा आला. आणि कोण कोण आलं म्हणता! पुरानी बस्तीतून दोन गाड्या भरून माणसं. आत्यानं ठरवलं, डोलकाठीचीच गुढी! मग तिच्यावर तांब्याचा गडू, कडुलिंब, गाठी आणि आत्याची स्वतःची मोरपंखी रंगाची नऊवारी. दोन तास पूजा. होडीची ओटी भरली, नारळ फोडला, पाणी पारावर किती आहे हे मात्र एकानंही विचारलं नाही. शालिग्राम लांब उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

मी म्हणालो, "बाबा, आज नको." बाबा म्हणाले, "आज थांबायचं नाही." जन्मात पहिल्यांदा!

गाठ सोडली. शीड वर गेलं, वारा भरला, आणि होडी निघाली हो... खरंच निघाली. बाबांच्या हातात सुकाणू. मान ताठ, त्या एवढ्याशा गोलातून समोर बघून राहिले, आणि मी कानाशी सांगतोय, डावीकडं रिकामं, उजवीकडं रिकामं. म्हणाले, "वळायचं कुठून?" मी म्हणालो, "पुढून, बाबा. पार ओलांडला की उजवीकडं." म्हणाले, "सांगजो. मी वळवतो."

आणि मग खालून एक आवाज आला. मोठा नाही. पोतं ठेवल्यासारखा. शीड भरलेलं, नऊवारी फडफडतेय, किनाऱ्यावर घंटा वाजवून राहिले, टाळ्या! बाबांनी सुकाणू सोडलं नाही. फक्त म्हणाले, "गाडी उभी राहिली."

किनाऱ्यावरून आत्या ओरडली, "अरे रामकृष्णा, पुढं जा की! वेळ टळून राहिली!"

शालिग्रामनं डोंगा आणला, दोरी लावली, गावची आठ माणसं छातीभर पाण्यात उतरली, ढकललं, ओढलं. पातं चिखलात. आईनं डोलकाठीची सुतळी सोडून तुळस उचलली आणि तशीच उभी राहिली, कुणाच्या हातात द्यावी कळेना. पंधरा दिवसांत होडी आडवी झाली, बाजूला चिखल उघडा पडला, त्यावर बगळे चालायला लागले. पाडव्याच्या दिवशी बाबा दुपारपर्यंत डोंग्यात बसायला तयार नव्हते. शेवटी बसले. म्हणाले, "पावसाळ्यात पाणी येईल. थांबू."

आम्ही तात्यापाऱ्यातल्या घरी आलो. मेमध्ये बाबांना ताट दिसायचं, कडेची वाटी नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी आईला विचारलं, "दिवा काहून नाही लावला?" दहा वाजले होते. आत्या आली, बाबांचा हात हातात घेऊन दोन तास बसली, आणि जाताना मला म्हणाली, "माझ्यावर राग आहे का रे?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "असू दे."

ऑगस्टात पाणी पारावरून दोन पुरुष वर गेलं. होडी आपोआप सरळ झाली. मी आणि शालिग्राम तिला मोठ्या पाण्यात घेऊन गेलो. बाबांना म्हणालो चला, मी सांगतो, तुम्ही वळवा. म्हणाले, "नाही. मग ती पटरीच झाली ना, तू सांगायचं न् मी बसायचं." नाही आले.

लोक विचारतात, तुझं काय गेलं यात? कॉलेजचं सोडा, ते जाणारच होतं. मला माझ्या बापाला एकदा, त्याच्या डोळ्यांनी बघून, त्याच्या मनानं वळताना बघायचं होतं. ते झालं नाही. आता होणार नाही.