चपलांचा नियम

मुलांशी डोक्याचे खेळ खेळा, पण घरात पूजा असेल तेव्हा जरा लक्ष ठेवा, एवढंच सांगते.

आमच्या मनवाच्या प्लेस्कूलमधल्या टीचर म्हणाल्या, "वस्तू त्याच ठेवा, पण दर वेळी नियम बदलून गट करायला लावा. डोकं लवचिक होतं." म्हणून मी तिला कपड्यांचे चिमटे घेऊन बसवायचे. आधी रंगाप्रमाणे, मग लहान-मोठे. तीन वर्षांची पोर, पण झकास जमायला लागलं.

मग घरी सत्यनारायण झाला. मुलुंडची आमची अख्खी बिल्डिंग आली होती. आरती संपल्यावर दार उघडलं, तर बाहेर सगळ्या चपलांचे दोन ढीग आणि मध्ये मनवा. रंग जुळेना, मापही जुळेना.

"मनू, नियम काय गं आज?"

"हे गाल ओढणारे. हे नाही ओढत."

माझ्या मागे सगळे पाहुणे उभे. सेक्रेटरी काका मुकाट्याने गाल ओढणाऱ्यांच्या ढिगात वाकले. सासूबाईंनी तर आपल्या चपला हळूच तिथून उचलून दुसऱ्या ढिगात सरकवल्या.

जिन्यापाशी एकच जोड वेगळा ठेवलेला. माझा.

"आणि हे कोण?"

"ओरडणारे."

मीही माझ्या चपला पायाने चांगल्या ढिगात ढकलल्या आणि विचारलं, "मी कधी ओरडते गं?"

ते इतक्या जोरात विचारलं, की सासूबाईंनी स्वतः वाकून माझ्या चपला उचलल्या आणि परत जिन्यापाशी नेऊन ठेवल्या.