सारजाच्या उसातली मादी

—न्हाय मॅडम, पिंजरा माझ्या वावरात न्हाय लावायचा, तिच्या लावायचा. सारजाच्या. त्यो कालव्याच्या अंगाला हिरवागार ऊस दिसतोय न्हवं का, त्योच. सारजा म्हंजी माझी धाकटी जाऊ. बसा की, चहा ठिवलाय. शेळी माझी गेली, तक्रार माझी, पर बिबट्या ऱ्हातोय तिच्या उसात — मग पिंजरा कुठं लावायचा? तितंच की. तुमी वनखात्याची मानसं, तुमाला म्या काय सांगावं.

वाटणी झाली तवा आमच्या मालकांनी हे वरचं रान घेतलं आन् खालचं धाकट्याला दिलं, गोकुळला. खालचं म्हंजी पाणथळ, रानडुकरांच्या वाटंवरचं. म्या मनात म्हनलं, बरं झालं — न्हाय, बरं म्हंजी काय, वाईट वाटलं वो तिचं. पयल्या साली डुकरांनी तिचा ऊस पार लोळवला. गोकुळ बारामतीला एमआयडीसीत, सकाळी फटफटीवर जायाचा, आन् ही एकटी बांधावर डबडं वाजवत बसायची. भाकरी म्या न्यायची तिला. व्हय, म्या! तवा आमचं लई चांगलं हुतं.

मग ती बिबट्याची मादी आली. उसातच व्याली. सगळ्या सणसर गावाला घाम फुटला — आन् सारजा? सारजा म्हनती, 'प्रयागआक्का, बाळंतीण हाय ती, ऱ्हाऊ द्या.' उसाकडं जायच्या आधी लांबनं खाकरायची, मोठ्यांदा गाणं म्हनायची, तिला कळावं म्हनून. म्या म्हनलं, येडी झाली ही. आन् बघते तर काय, डुकरं गेली! मादीनं त्यांची पिल्लं उचलली का नुसता तिचा वासच लागला, मला म्हाईत न्हाय — पर कळपच्या कळप खालनं उठला आन् आला कुठं? माझ्या मकंत. हसताय काय? एकच शिवार, एकच कालवा, मधी एक बांध — तिचा ऊस उभा, माझी मका भुईसपाट. भुईमूग तर नांगरल्यावानी उकरला. तुमच्यातलंच एक साहेब आलं हुतं. बांधावर उभं ऱ्हाऊन सांगत हुतं, शिकार करनारं मोठं जनावर असलं की बाकीची आपसूक बेतात ऱ्हात्यात, डुकरं काय आन् मोकाट कुत्री काय, ते गेलं की समदंच माजतंय. सांगत कुनाला हुतं? सारजाला. फोटु कुनाचा काढला? सारजाचा! आन् ती पदर सावरून उभी, जनू तिनंच पाळलीया. माझ्या मकंकडं त्यांनी वळून बघितलंबी न्हाय.

आग पडायची वो पोटात. त्यात मालक घरात बसून म्हननार, 'सारजानं जनावराला जागा दिली, जनावरानं तिचं रान राखलं.' माझ्या भाकरीचं कवा नाव न्हाय निघालं. म्हनलं, तिच्याकडं हाय तर माझ्याकडं का न्हाय? मकंच्या पल्याड माझाबी ऊस हाय की, दाट हाय, सावली हाय. चाँदभाईच्या कोंबडीच्या दुकानातनं आतडी, पाय आनायची पाटीत आन् त्या उसाच्या कडंला टाकायची —

असं बघताय काय? खत म्हनून टाकली. ... बरं, खत न्हाय. तिला टाकली, झालं? चाँदभाई म्हनायचा, 'वहिनी, कुत्री पाळली काय?' व्हय म्हनायची. आन् आली बी कुत्रीच! मागनं डुकरं. डुकरंबी आतडी खात्यात, हे मला काय ठावं! उरलासुरला भुईमूग गेला. आन् मग एक दिवस भर दुपारची ती आली, कुत्र्यांच्या मागानं असंल, आन् गोठ्यामागं बांधल्याली माझी शेळी घिऊन गेली. सारजाच्या दारात इतकी ऱ्हाती, तर तिचं करडू सुदिक न्हाय शिवली. म्या बोलावली, तर माझंच नेलं.

रडत बसले हुते, तर सारजा आली. हातात तिची तरणी शेळी. दावं माझ्या हातात देती आन् म्हनती, 'आक्का, माझ्या बाळंतिणीनं तुमचं नुकसान केलं, ही ठिवून घ्या.' माझ्या! ऐकलं का मॅडम — माझ्या बाळंतिणीनं! पोरानं कुनाचा माठ फोडावा आन् आईनं भरून द्यावा, तसं. शेळी गेल्याचं एवढं न्हाय लागलं मला. दावं तिच्या अंगावर फेकलं आन् तुमच्या हापिसात फोन लावला.

तर कवा नेताय त्या मादीला? ... आन् पिल्लं? ... आईबिगर न्हाय जगायची? अगं बया. ... आन् डुकरं? म्हंजी परत येत्याल? खाली बी, सारजाच्या उसात बी? ... व्हय का.

खरं सांगू? बरं वाटलं ऐकून. तिचाबी ऊस लोळू दे, तिलाबी डबडं वाजवत बसू दे. म्या नेईन की भाकरी, मागल्यासारखी. बसू दोघी बांधावर — काय बोलाया लागले मी हे. चहा घ्या, गार झाला.

काय दावताय मोबाइलात? पाय उमटल्यात. कुठलं हे? ... माझ्या उसाच्या सरीतलं? आत्ता येताना फोटु काढला? आन् ही शेजारची बारकी बारकी — पिल्लांची? पिल्लं घिऊन आलीया? आत गेल्याली दिसत्यात, भायेर आल्याली न्हाईत... म्हंजी आत्ता, ह्या घडीला, तितं हायत?

थांबा. बसा जरा.

न्हाय, भ्या न्हाय वाटत. वाटतंय थोडं. गोठ्याला जाळी मारून घेते, दार लावते, आतडी-बितडी बंद — तुमी सांगाल तसं करते. पिंजरा गाडीतच ऱ्हाऊ द्या. तक्रार? कसली तक्रार वो, शेळी माझी हुती, मीच उघड्यावर बांधली. सारजाला सांगू नका — न्हाय, सांगा! मुद्दाम तिच्या दारावरनं जावा आन् सांगा, म्हनावं, प्रयागबाईच्या उसात हाय ती. पिल्लं घिऊन. आपल्या पायानं आली म्हनावं.

जावा आता तुमी. आन् त्या गाडीचा हॉर्न वाजवू नका.