पितृपंधरवड्यातली जप्ती

आमच्या दाजींचा टॉवेलचा कारखाना बुडाला, त्यांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी गाडी दसऱ्यापर्यंत दारातच! कशी, ते ऐका.

गाडी जप्त करायला कोर्टाचे साहेब आले ते नेमके पितृपंधरवड्यात. ताई म्हणाली, “पितरांच्या दिवसांत कुणी गाडी नेतं व्हय?”

साहेब म्हणाले, “अहो, नवीन घ्यायची नसते. ही जुनी हाय की!”

ताई म्हणाली, “आमच्याकडं जुनी. तुमच्याकडं नवीनच की!”

साहेबांनी बायकोला फोन लावला आणि गुपचूप माघारी गेले.

दसऱ्याला आले ते हार, नारळ, पेढे घेऊन. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, दाजींना पेढा दिला.

दाजींनी तो तोंडात टाकला आणि सवयीनं विचारलं, “झकास! केवढ्याला पडली?”