बोर्डावरचे सात जण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. आज आधी प्रश्न, गजर नंतर.

माणूस मेला. कामावर मेला. पण हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं! कंपनीचे साहेब म्हणाले, जो कामावर नव्हताच, तो कामावर मरेल कसा? बिनतोड मुद्दा आहे. काशीच्या पंडितानं पागोटं काढून ठेवावं असा! तर मग सांगा, त्या मरणाचं पाप कुणाच्या माथी? ज्याच्यामुळं मेला त्याच्या, की ज्याला सगळं ठाऊक होतं आणि जो गप्प बसला त्याच्या? बरं. ऐका तर.

एमआयडीसीचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी मला कुणी कीर्तनाला बोलवायचं नाही. त्या गावात दिगंबर फुलपगार राहायचा. धंदा फ्लेक्स छापायचा. लग्न, बारसं, दहावं, नाहीतर भाऊंची कसली तरी निवड — दिगंबरशिवाय पान हलत नव्हतं. फोटो तोच, खालची ओळ तेवढी बदलायची. माणूस असला तर 'हार्दिक शुभेच्छा', गेला तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हसता काय? तुमचाही फोटो कुणाकडे तरी तयार असेल.

आता भाऊ कोण? रंगाचं रसायन करणाऱ्या कंपनीचे मालक, आणि भावी आमदार. गेली बावीस वर्षं भावी! एवढ्या काळात पक्ष चार सोडले, पण 'भावी' काही सोडलं नाही. निष्ठा निष्ठा म्हणतात ती ही.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. फोटोही दिगंबरच काढायचा. भाऊंचे झाले, भाऊंच्या नारळाचे झाले. तो निघाला तेव्हा गेटाबाहेर सात माणसं उभी होती. ठेकेदाराकडची. कपाळाला ओलं कुंकू, तोंडावर ऊन. त्यातला कचरू उमाप म्हणाला, "दादा, आमचाबी एक काढा की. गावाकडं दावायला." दिगंबरनं काढला. मागं गेट, गेटावर कंपनीची पाटी, पुढं सात जण, उन्हानं डोळे बारीक केलेले.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला कंपनीतली टाकी फुटली, आग भडकली.

झडप सहा महिने गळत होती. दुरुस्तीला बंद ठेवली तर माल थांबतो, म्हणून तशीच चालवली. कंपनीनं जाहीर केलं, दोघं दगावले. दोघंही कायम कामगार, नावं पटावर. आणि ते सात? "ते आमच्याकडे नव्हतेच. गावी गेले असतील." ठेकेदाराचा फोन बंद. आणि त्या आगीत ओळख पटावी असं मागं काही उरलं नव्हतं, मंडळी. हाडसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊंचे पीए ताटे दुकानात आले. गुंडबिंड नाही हो! इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. चहा घेतला, दिगंबरच्या मुलीच्या बारावीची चौकशी केली. मग म्हणाले, "खंडेनवमीचे फोटो असतील ना तुमच्याकडे? गेटाबाहेरचा एखादा असला तर काढून टाका. लोक उगाच राजकारण करतात." आणि उठता उठता म्हणाले, "भाऊंचा वाढदिवस आलाय. एकवीस बोर्ड तुम्हीच करा."

टाकी फुटली, ते दैव. का फुटली असं विचारलं, की ते राजकारण! शिकून ठेवा, कुठंही उपयोगी पडतं.

दिगंबरनं ताटेंच्या देखत कॉम्प्युटरवरचा फोटो पुसला. पण कॅमेऱ्याच्या कार्डात तो होताच. ते कार्ड त्यानं फ्लेक्सच्या कडेला ठोकायच्या बटणांच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. पुसायची हिंमत नाही, दाखवायची तर त्याहून नाही. वाईट नव्हता हो दिगंबर. आपल्यासारखाच होता.

वाढदिवसाचा बोर्ड मशीनवर चढला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. लख्ख ऊन, रस्ता सामसूम. मधोमध हात जोडलेले भाऊ, खाली चार ओळींत चाळीस शुभेच्छुक. कापड सरकत बाहेर आलं, आणि दिगंबर वाकून बघतो तर शेवटच्या ओळीत, युवक आघाडीच्या उपाध्यक्षाच्या जागी, एक माणूस. कपाळाला ओलं कुंकू. डोळे बारीक केलेले. शेजारी दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. असे सात.

स्क्रीनवर बघितलं, उपाध्यक्ष जागच्या जागी. पुन्हा छापलं, पुन्हा ते सात! कुंकवावर बोट ठेवलं, बोट लाल. तुम्ही म्हणाल, शाई असेल. असेल बाबा. पण शाईला उदबत्तीचा वास येतो का?

बोर्ड संध्याकाळच्या आत लागायला हवे होते. "कोण बघतंय," असं म्हणून दिगंबरनं एकवीसच्या एकवीस चौकाचौकांत लावून टाकले.

आणि खरंच कुणी बघितलं नाही! ज्या सात पदाधिकाऱ्यांचे चेहरे गेले त्यांचीही तक्रार नाही. चौघं तोवर दुसऱ्या पक्षात गेले होते. उरलेल्या तिघांना वाटलं, आपल्याला काढलं, तेही गेले. भाऊंनी तर त्याच बोर्डाखाली केक कापला. चार वर्षं त्यांच्या टाकीवर राबलेली माणसं डोक्यावर उभी होती. पण भाऊंनी त्यांच्याकडं कधी पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कशी?

दुसऱ्या दिवशी दिगंबरनं शटर उघडलं. समोरच्या बोर्डावर ते सात जण एक ओळ वर सरकले होते. तिसऱ्या दिवशी आणखी एक ओळ. सरकताना कुणी पाहिलं नाही. जेवायला जावं, परत यावं, तर बारीक केलेले डोळे मघापेक्षा थोडे जास्त उघडलेले. चौथ्या दिवशी ते भाऊंच्या खांद्यापाशी होते आणि डोळे पूर्ण उघडे. दिगंबर गल्ल्याकडं तोंड करून बसायला लागला. पाठीला ते डोळे जाणवायचे.

पाचव्या दिवशी भर दुपारी एक बाई बोर्डाखाली येऊन उभी राहिली. बराच वेळ वर बघत होती. मग दुकानात आली. "दादा, मी सुभद्रा उमाप. त्या बोर्डावर माझे मालक हायेत."

दिगंबर गल्ल्यातल्या नोटा मोजायला लागला. म्हणाला, "नाही हो ताई. ते पक्षाचे लोक आहेत."

"मी माझ्या माणसाला वळखीना व्हय? रोज बघायले मी. रोज वर वर चढायलेत." ती शांतच बोलत होती. "उद्या अकराला तहसीलीत चौकशीचे सायेब यायलेत. म्हनतेत, तुझा नवरा तिथं कामाला व्हता ह्याचा पुरावा आण. माझ्याकडं त्यांचा डबा हाय, चपला हायेत. पुरावा न्हाई. तुम्ही फोटो काढला म्हनून फोनवर सांगितलं व्हतं त्यांनी. लई खूश व्हते."

"मी काढला नाही."

"उद्या न्हाई दावला तर ते कुठं गेलेच न्हाईत, असं हुतंय दादा. मेलेबी न्हाईत, जित्तेबी न्हाईत. लेकराला काय सांगू?"

"ताई, खरंच नाही माझ्याकडं."

तिनं पदर डोक्यावर घेतला. "मग तुमच्या बोर्डावर कसे आले वो ते?" एवढंच विचारलं आणि उन्हात निघून गेली.

दिगंबर तिच्या मागोमाग पायरीपर्यंत आला, आणि नको नको म्हणताना मान वर गेली. एक, दोन, तीन... सात. आणि सातव्याच्या शेजारी आठवा! कपाळाला ओलं कुंकू. बाकी सातांचे डोळे उघडे, याचे घट्ट मिटलेले. चेहरा त्याचा स्वतःचा होता, मंडळी. दिगंबर फुलपगारचा. त्यानं कपाळाला हात लावला. हात लाल झाला.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली. मिटलेल्या डोळ्यांचा आपलाच चेहरा वीस फुटांवरून बघणं सोपं नसतं. त्यानं बटणांचा डबा जमिनीवर उलटा केला, कार्ड उचललं आणि सुभद्रेच्या मागं धावला.

दुसऱ्या दिवशी अकराला तहसीलीत त्यानं कापड उलगडलं. दहा फूट रुंद. गेट, पाटी, सात जण, खाली सातांची नावं. नावं सुभद्रेनं त्याच रात्री घरोघर फिरून आणून दिली होती. कंपनीचे वकील हसले. "साहेब, आजकाल कॉम्प्युटरवर कुणालाही कुठंही उभं करता येतं."

"खरं आहे," दिगंबर म्हणाला. "अठरा वर्षं माझा धंदाच तो. ज्यांनी भाऊंना कधी शुभेच्छा दिल्या नाहीत, त्यांचेही चेहरे मी लावलेत. पण हा फोटो मी गेटासमोर उभा राहून काढलाय. हे त्याचं कार्ड, ही तारीख. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, हेसुद्धा लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. दिगंबरनं सही केली. त्याच दुपारी एकवीस बोर्डांवर आठ जागा कोऱ्या पडल्या. पांढरं कापड, नुसता डोक्याचा आकार.

कंपनीला सात जणांचं मरण मान्य करावं लागलं. भाऊंना काय झालं? पाचवा पक्षही सोडला! आणि अतिक्रमण खात्याला दिगंबरचं दुकान अठरा वर्षांनी पहिल्यांदा दिसलं. सील ठोकलं. आता तो बाजारात टेबल टाकून बसतो, पासपोर्टचे फोटो काढतो. झोप चांगली लागते म्हणतो.

कथा संपली. आता आपलं बघू.

परवा हा मांडव घालताना एक माणूस लाइटच्या खांबावरून खाली पडला. शॉक बसला होता. ठेकेदाराचा माणूस. आपण सगळे इथंच होतो. मीही होतो, ओट्यावर बसून चहा पीत होतो. जीपमध्ये घालून त्याला नेला, अध्यक्ष म्हणाले, सप्ताहाला गालबोट नको, आणि तासाभरात पंगत बसली. मीही जेवलो. शिरा चांगला होता.

तो जिवंत आहे का, मंडळी? कोणत्या दवाखान्यात आहे? मागं कोण आहे त्याचं? अध्यक्ष, तुम्ही खाली बघू नका, मीसुद्धा तीन दिवस खालीच बघतोय.

आता गजर करायचा आहे. पण देवाच्या आधी त्याचं नाव घेऊ. मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल त्यानं उभं राहून सांगा. नसेल, तर एकानं उठून विचारून या. तोवर टाळ खालीच राहू द्या. मी इथं उभा आहे.