हरल्याचा पुरावा

मंडळी, ऐका! मागच्यांनी पुढं सरका, खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच राहा — खांबालाही आधार लागतो. आणि आज विषय आधाराचाच आहे!

एक प्रश्न विचारतो. तुमच्याबद्दल कुणी खोटं लिहिलं — वाईट खोटं नव्हे हो, चांगलं खोटं! — तर ते तुम्ही खोडाल का?

घाई नको. वाईट लिहिलं तर काय करायचं ते आपल्याला पाठ आहे. भावकी गोळा करायची, फाट्यावर गाठायचं. पण चांगलं लिहिलं तर? लग्नाच्या बायोडाटात 'मुलगा निर्व्यसनी' असं छापून येतं. वाचून मुलालाच धक्का बसतो! पण खोडतो का? छे! म्हणतो, छापलंय म्हणजे असेन!

आज अशा माणसाची गोष्ट, ज्यानं ते खोडायला घेतलं. आणि खोडता खोडता त्याचं काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे.

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथं पुढच्या महिन्यात माझं कीर्तन आहे. त्या गावात राहायचे यशवंतराव डुबल, वय सत्तरीकडं झुकलेलं. तरुणपणी ते मोटारसायकलच्या शर्यती खेळायचे. आता पुढं बसलेले आजोबा कपाळाला आठी घालतायत — महाराज, पुराणातलं सांगा! अहो, पुराणात रथ आहे, विमान आहे, गरुड आहे, वाहन म्हणून उंदीरसुद्धा आहे. मोटारसायकल नाही! माझा नाइलाज आहे.

ही शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे. उघड्या माळावर वाट आखायची, मध्ये मातीचे उंचवटे, खड्डे, आडवी वळणं. येझदीचं मडगार्ड काढायचं, दिवा काढायचा, आणि स्वतःची अक्कल काढून ठेवून सुटायचं! हाड मोडलं की मिरजेला जायचं, जोडून यायचं. शरीरात हाडं किती असतात हे डॉक्टरला पुस्तकातून कळतं. यशवंतरावांना एकेक करून कळलं.

आणि त्यांचा जोडीदार इस्माईल मुल्ला. शर्यतीत वैरी, शर्यत संपली की एका ताटात! गंमत बघा — शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघं एकमेकांची गाडी तयार करायचे. याची चेन तो ओढणार, त्याचा कार्ब्युरेटर हा धुणार. ज्याला उद्या हरवायचं, त्याच्याच हातात आपला ब्रेक! आपण सख्ख्या भावाच्या हातात टीव्हीचा रिमोट देत नाही.

पण खंडोबाच्या माळावर एक मोठी शर्यत झाली, आणि तिच्यानंतर इस्माईलनं गाडी सोडली. यशवंताशी बोलणंही सोडलं. गॅरेज टाकलं, लोकांच्या गाड्या दुरुस्त करत बसला. तीस वर्षं! एक गाव, एक रस्ता — आणि राम राम नाही, सलाम नाही. कारण? यशवंताला माहीत नाही.

हे असं चाललेलं असताना नगरपंचायतीनं ठरवलं, एका चौकाला यशवंत डुबलांचं नाव द्यायचं. दगड आला, पाथरवट आला. दगडावर कोरायचं काय? नगराध्यक्ष म्हणाले, "इंटरनेटवर आहे की सगळं!"

म्हाताऱ्या माणसांसाठी सांगतो. इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो. तो लोकांनीच लिहिलेला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं — अट एकच, छापील आधार द्यावा. 'आमच्या आज्यानं डोळ्यांनी बघितलंय' हे तिथं चालत नाही. म्हणजे आपलं हे कीर्तन तिथं पाच मिनिटं टिकणार नाही!

डुबलांच्या सूनबाई, वृषाली नाव, शाळेत शिक्षिका. त्यांनी ते पान मोबाईलवर उघडलं.

"मामा, ऐका हं. 'यशवंत डुबल हे नामवंत मोटारसायकल शर्यतपटू असून खंडोबाच्या माळावरील शर्यतीचे विजेते आहेत.'"

यशवंतरावांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"कोण विजेता?"

"तुम्ही."

"मी पडलो की गं! शेवटच्या वळणाला सपशेल पडलो. इस्माईल पुढं गेला, जिंकला. मी उठून कसाबसा दुसरा आलो. हे खांद्याचं हाड अजून थंडीत बोलतंय!"

"पण इथं आधार दिलाय मामा. दुसऱ्या दिवशीचा तालुक्याचा पेपर. 'डुबल यांची बाजी'. कात्रणाचा फोटोसुद्धा आहे."

"पेपर चुकला असंल. खोड ते. दगडावर असलं खोटं कोरलं, तर रोज त्या चौकातून इस्माईलच्या डोळ्यांदेखत कसा जाऊ मी?"

सूनबाईंनी खोडलं. चहा उकळेपर्यंत वाक्य परत हजर! पुन्हा खोडलं. पुन्हा हजर! खाली सही — 'राजहंस'. तिथले एक स्वयंसेवक संपादक. दूध आणि पाणी वेगळं करायचं काम, म्हणून राजहंस! त्यांनी लिहिलं होतं, "कृपया आधार असलेला मजकूर काढू नये."

सूनबाईंनी टाइप केलं, "माझे सासरे स्वतः यशवंत डुबल आहेत. ते म्हणतात, मी हरलो."

राजहंस म्हणाले, "ते स्वतः असल्याचा आधार?"

यशवंतराव भडकले. "त्याला म्हणावं, मी हितं बसलोय!"

राजहंस शांत. "ते स्वतः असतील, तर प्रश्न आणखी अवघड आहे. स्वतःबद्दल स्वतःचं सांगणं आम्ही आधार मानत नाही."

हसताय? हसू नका! मला सांगा, राजहंसाचं चुकलं कुठं? उद्या प्रत्येकाला स्वतःचं पान स्वतः लिहायला दिलं, तर तुम्ही काय लिहाल? आमचे पेटीवाले अण्णा लिहितील, 'सुरांचे बादशहा'. लिहाल की नाही अण्णा? बघा, मान हलवली! म्हणून नियम आहे. नियम खोटा नव्हे. पण नियमाला कधी असा माणूस भेटलाच नव्हता, जो हरायला आलाय आणि ज्याला कुणी हरू देत नाही!

मग सूनबाईंनी युक्ती काढली. छापील आधार पाहिजे ना? छापून आणू! एका पेपरच्या जिल्हा पुरवणीला मुलाखत दिली. यशवंतरावांनी स्वच्छ सांगितलं — मी हरलो, इस्माईल जिंकला, लिहून घ्या. त्या पोरानं लिहून घेतलं. रविवारी छापून आलं. मथळा काय?

'विनम्रतेचा कळस! विजेते डुबल म्हणतात, श्रेय प्रतिस्पर्ध्याचे!'

सोमवारी ज्ञानकोशात नवीन वाक्य — 'डुबल हे त्यांच्या नम्र स्वभावासाठीही ओळखले जातात.' पुढं आधाराचा आकडा. एकदम पक्का!

काय करायचं आता? खरं सांगितलं, तर एक जादा सद्गुण चिकटला! दुसऱ्यांदा सांगितलं असतं, तर बहुतेक संत म्हणून नोंद झाली असती.

इकडं पाथरवटानं छिन्नी लावली होती. यशवंतराव म्हणाले, "आता एकच माणूस राहिला." आणि चालत निघाले गॅरेजकडं.

इस्माईल गाडीखाली. बाहेर नुसते पाय. तीस वर्षांनी बोलायचं, तेही पायांशी!

"इस्माईल."

पाय गप्प.

"मी हरलो होतो, हे सांगायला चल माझ्याबरोबर."

पाय हलले. मागून पोट आलं, पोटामागून पांढरी दाढी आली.

"काय म्हणालास?"

"माळावरची शर्यत तू जिंकलास. लोक ऐकंनात. तू साक्ष दे."

"आत्ता आठवलं व्हय रं तुला? तक्रार करताना न्हाई आठवलं?"

"कसली तक्रार?"

"वळणावर मी धक्का दिला म्हणून पंचांकडं केलीस ती! निकाल फिरवून घेतलास ती! सकाळी पेपर उघडला तर तुझं नाव. भाड्या, तुझा ब्रेक ह्या हातानं जोडला व्हता मी! तुला धक्का देईन?"

यशवंतराव ओरडलेच. "अरं मर्दा, मी मिरजेत भूल घेऊन निजलो हुतो! तक्रार कोण करणार, माझं हाड?"

"मग पेपरात कसं आलं?"

"मला काय ठावं? पेपर बघितलाच न्हाई मी. लोक 'विजेते' म्हणायचे, मला वाटलं, पडलो म्हणून चेष्टा करत्यात. परत आलो तर तू तोंड फिरवलंस. मला वाटलं, जिंकला, डोक्यात हवा गेली."

"आणि मला वाटलं, हरला तो हरला, वर चोरी करून जिंकला."

"पण बक्षीस तर तुलाच दिलं असंल की?"

"कुठलं बक्षीस! पाहुणे आलेच न्हाईत, समारंभ पुढं ढकलला. मी गेलोच न्हाई परत. तो कप पुढच्या साली कबड्डीला दिला म्हणं."

"अरं पण पंचांना विचारायचं एकदा!"

मंडळी, यावर इस्माईलनं काय उत्तर दिलं, ते नीट ऐका. तो म्हणाला, "काय विचारू? छापून आलेलं व्हतं की!"

पंच कुठं राहत होते? दोन गल्ल्या सोडून! सगळ्या माळानं डोळ्यांनी बघितलं होतं. पण सकाळी पेपर वाचून माळावरचे लोकसुद्धा म्हणाले, 'डुबलनं धक्क्याची तक्रार केली असेल, पंचांनी फिरवला असेल निकाल.' स्वतःचे डोळे खोटे, आणि पुडी बांधायचा कागद खरा!

दोघं तिथल्या तिथं निघाले, ती बातमी लिहिणाऱ्याकडं. एकच गाडी, चालवायची कुणी यावरून गॅरेजच्या दारात भांडण झालं. तीस वर्षांनी बोलणं सुरू झालं म्हटल्यावर भांडणही आलंच! इस्माईल पुढं बसला. यशवंतराव मागं बसून वाटभर 'गिअर टाक, गिअर टाक' करत राहिले.

वार्ताहर बापू हणबर, ऐंशीच्या पुढचे. अंगणात खाट, उशाशी रेडिओ. ऐकून घेतलं आणि ताठ झाले. "माझी बातमी चुकीची? मी स्वतः माळावर हजर होतो!"

इस्माईल म्हणाला, "बापू, शेवटची फेरी बघितलीत का?"

बापूंनी रेडिओ बंद केला.

"त्या वेळी बातमीचं पाकीट एसटीनं जायचं रे. फाट्यावर कंडक्टरच्या हातात द्यायचं. ती शेवटची गाडी. यशवंता अर्धा माळ पुढं होता, अर्धा माळ! एवढ्या पुढचा माणूस कशाला पडेल?"

"मी पडलो," यशवंतराव म्हणाले.

"ते फाट्यावरनं दिसतंय व्हय!"

"पण मागनं कळलं असंल की तुम्हाला," इस्माईल म्हणाला.

बापूंनी रेडिओ उशाखाली सारला. मग म्हणाले, "कळलं. दुसऱ्याच दिवशी कळलं. पण हा बोलंना, तू बोलंनास. म्हटलं, ज्यांचा निकाल ते गप्प, मग मी कशाला माझीच चूक गावाला सांगू?"

"मी गाडी सोडली बापू, त्या एका बातमीवर," इस्माईल म्हणाला. आवाज चढवला नाही. "आणि ह्यालाबी सोडलं."

बापूंनी सुनेला हाक मारली. कागद मागितला, चष्मा मागितला. त्या पेपरचा कारभार आता त्यांचा पुतण्या बघायचा. तो म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी शुद्धिपत्र? लोक हसतील." बापू म्हणाले, "हसू देत. मी असेपर्यंत छाप. मी गेल्यावर तुला आधार कोण देणार?"

छापलं! चौथ्या पानावर, खताची जाहिरात आणि हरवलेल्या म्हशीच्या मधोमध. 'आमच्या वार्ताहराने शेवटची फेरी न पाहता वृत्त दिले होते. सदर शर्यत श्री. इस्माईल मुल्ला यांनी जिंकली होती. उभयतांची क्षमा मागतो.' इस्माईलनं ते गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वाचलं. गिऱ्हाईक हाका मारत होतं, हा ऐकेना.

सूनबाईंनी राजहंसाला कात्रण पाठवलं. एका शब्दात उत्तर — "ग्राह्य." वाक्य बदललं. विजेते इस्माईल मुल्ला, डुबल दुसरे. मागोमाग राजहंसाची आणखी एक टीप आली. 'डुबल खरोखरच हरले होते असे आता सिद्ध झाल्याने त्यांचे विधान नम्रता ठरत नाही. नम्र स्वभावाचे वाक्य वगळले आहे.'

म्हणजे बघा! एक विजय गेला, सोबत एक सद्गुणही गेला! सूनबाईंना वाईट वाटलं. यशवंतराव म्हणाले, "जाऊ दे पोरी. खांद्यावरचं ओझं कमी झालं."

राहिला दगड. नगराध्यक्ष म्हणाले, "अहो, हरलेल्या माणसाचा चौक कसा करायचा?" यशवंतराव म्हणाले, "नका करू. पण कोरायचं तर खरं कोरा." पाथरवटानं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "जागा हाय थोडी." आणि 'विजेते'च्या अलीकडं, दाटीवाटीनं, 'उप' बसवलं!

अनावरण कुणाच्या हस्ते? इस्माईलच्या. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. इस्माईल दगडाकडं बघून म्हणाला, "यशा, ते अक्षर लई वाकडं आलंय रं."

यशवंतराव म्हणाले, "तुझं हँडल असंच असायचं. तरी जिंकलास भाड्या!"

आता तुमच्याकडं येतो. उठू नका, प्रसाद शेवटी आहे!

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं ज्ञानकोशात पान आहे? आहे की! प्रत्येकाच्या डोक्यात एकेक ज्ञानकोश असतो, आणि त्यात सगळ्या भावकीची पानं. 'थोरली जाऊ — मनानं कुसकी.' आधार? 'नणंद म्हणाली.' नणंदेनं बघितलं? 'नाही, तिला मावशीनं सांगितलं.' मावशी तेव्हा कुठं होती? मावशी लग्नातून लवकर निघाली होती, तिला गाडी गाठायची होती! 'धाकट्यानं बांध कोरला.' आधार? 'सगळं गाव म्हणतंय.' गावाला कुणी सांगितलं? 'मीच!'

तो राजहंस निदान आधार मागत होता हो. चुकीचा का असेना, मागत होता! आपण तोही मागत नाही, आणि वर्षानुवर्षं पान तसंच ठेवतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला विचारत नाही!

आता टाळ उचला. पण थांबा — डाव्या हाताला, दरवाजाजवळ, दोघीजणी एकमेकींकडं पाठ करून बसल्यात. मला इथून दिसतंय. नावं घेत नाही, भांडणाचं कारणही सांगत नाही. माझ्याकडं आधार नाही. तो तुमच्याच दोघींकडं आहे, अर्धा अर्धा.

मी गजर जरा लांबवतो. तेवढ्यात एकमेकींना विचारून घ्या.