टप उघडू दे रे, मंगलमूर्ती

…आणि तळपायांचं तर विचारूच नका, वैशाखातलं ऊन, मुंबई-पुणे रस्त्याचं डांबर पाघळलेलं, आणि मी त्यावरून अनवाणी, चिंचवड स्टेशनापासून थेट मंगलमूर्तींच्या देवळापर्यंत, रोज, एकवीस दिवस! कशासाठी? मूल व्हावं म्हणून? कुणाचं दुखणं बरं व्हावं म्हणून? छे हो, मोटारीचा टप उघडावा म्हणून. हसा, हसा. आमच्या शेजारच्या शालनबाईही हसल्या होत्या. "टपासाठी नवस? उद्या सायकलच्या घंटीसाठी सत्यनारायण घालशील." घालीनही, त्यात काय? पण तुम्हाला सांगते, त्या एकवीस दिवसांत मी एक शिकले. देवाकडे मागताना नीट मागावं.

टप म्हणजे टांग्याला असतो तसाच, कापडी. पण ही पडली अमेरिकन मोटार, थेरगावच्या रंगरावांची. त्यांची पिंपरीकडची जमीन कारखान्यात गेली, तर माणूस घर बांधतो, विहीर खणतो… ह्यांनी मुंबईच्या कुण्या साहेबाची जुनी मोटार आणली. हिरवीगार, दोन म्हशी शेजारी उभ्या केल्यात तर जेवढ्या होतील तेवढी रुंद. बटण दाबलं की टप आपोआप उठतो आणि मागे घडी होऊन बसतो म्हणे. म्हणे! आमच्या दारी आली तेव्हा तो अर्धवट उठून हवेत थांबलेला, ताटावरून रुसून उठलेल्या जावयासारखा… ना बसतोय, ना जातोय.

आमचे हे मिस्त्री. गॅरेज कुठे? तर रस्त्याकडेच्या चिंचेखाली. हत्यारांची पेटी, एक बाकडं आणि चिंच, एवढंच गॅरेज, आणि पावसाळ्यात काम बंद, कारण चिंच गळते. आणि रंगरावांची, तिथंच समोर, रस्त्याला लागून एक शेड रिकामी पडलेली. त्यांनी शब्द दिला, "मारुतराव, आमच्या पोराची, यशवंताची वरात ह्या गाडीतनं निघाली पायजे, टप उघडा टाकून. तेवढं करा, शेड तुमची." झालं. त्या दिवसापासून हे जेवताना पिठल्यात बोटानं शेडचा नकाशा काढायला लागले, इथं बाकडं, इथं हत्यारं… पिठलं गार व्हायचं, पण नकाशा काही पुरा व्हायचा नाही.

मग मला समजावून सांगितलं. टपाच्या दोन्ही अंगांना एकेक सिलिंडर. सिलिंडर म्हणजे रंगपंचमीची पिचकारीच समजा, मागचा पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या टपाला. आमच्या संसारासारखंच, कुणीतरी ढकलल्याशिवाय कुणी हलत नाही. तर ह्या दोन्ही पिचकाऱ्या झिजलेल्या, रबरं गेलेली, सगळं तेल मागच्या गादीनं पिऊन टाकलेलं. नवे सिलिंडर मुंबईहून मागवायचे, मिळाले तर. मिळाले तर! मी त्याच दिवशी चपला काढून कोनाड्यात ठेवल्या, देवापुढे पदर पसरला आणि म्हटलं, "मंगलमूर्ती, वरातीच्या आधी टप उघडू दे. तोवर पायात चप्पल घालणार नाही, एकवीस मोदक वाहीन." शब्द ध्यानात ठेवा हं. उघडू दे, एवढंच म्हटलं. देवाकडे मागताना…

सिलिंडर आले, गवतात गुंडाळून. मी आधी हळदकुंकू लावलं. हे ओरडले, दट्ट्याला कुंकू कशाला, कण जाईल रबरात. पुसलं मी. पण थोडं राहिलंच असेल, कुंकू असं कुठे पुरतं पुसलं जातं? मग चार दिवस हे गाडीच्या पोटात. बाहेर नुसते दोन पाय, आणि आतून हाका, "अर्ध्याचा पाना! तो नव्हे, त्याच्या शेजारचा!" मला अथर्वशीर्षाआधी पाने पाठ झाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी ह्यांनी बटण दाबलं. घुंऽऽ झालं आणि टप हलला, मागे गेला आणि हळूच बसला, सासूबाई पाटावर टेकायच्या तसा, सगळ्यांकडे एकदा बघून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमके तेव्हाच रंगराव आले. "झालं का वो काम?" हे म्हणायला लागले, "उघडतोय, पण अजून…" आणि मी, मेली उतावळी, मध्येच म्हटलं, "झालं! देव पावला!" आता देव पावला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? रंगरावांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि उघडी गाडी घेऊन गेले.

हे मटकन बाकड्यावर बसले. म्हणाले, "नळ्यांत अजून हवा आहे. उघडताना टप पडतो स्वतःच्या वजनानं, त्याला काय लागतंय? जोर लागतो परत उठून मिटायला. दहा वेळा वरखाली करून हवा काढायची होती मला."  नवस फिटला म्हणून मी चपला घातल्या. एकवीस दिवसांनी त्याही चावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरात निघाली. काय थाट! पुढे बाजा, उघड्या मोटारीत यशवंता आणि नवरी, गाडी हाकायला हे, मागे पायी आम्ही बायका. आणि चिंचवड सुटतंय न सुटतंय तोच… आभाळ काळं, धुळीची वावटळ आणि वळवाचा टपोरा पाऊस. "मारुतराव, टप!" ह्यांनी बटण दाबलं. घुंऽऽ. वीतभर उठला आणि फुस्स. पुन्हा घुंऽऽ, पुन्हा फुस्स. बाशिंगाचा रंग यशवंताच्या मिशीवर उतरला, नवरीच्या मुंडावळ्यांचं पाणी झालं आणि सगळी वरात ह्यांच्याकडे बघायला लागली. ह्यांचं तोंड बघवेना हो. शेड डोळ्यांदेखत चालली होती. मी तिथंच चिखलात चपला काढल्या आणि म्हटलं, "बायांनो, बघताय काय? धरा!" आठ जणींनी टपाची कड धरली, ह्यांनी बटण दाबलं, "मंगलमूर्ती मोरया" म्हणून जी ओढ दिली… नळीनं जेवलेल्या माणसासारखी लांबलचक ढेकर दिली, अडकलेली हवा गेली, आणि टप असा झपकन उठला की शालनबाईंचा पदर कडेत अडकला, आणि नवस करणाऱ्यांना हसणाऱ्या शालनबाई थेरगावापर्यंत मोटारीला बांधून चालत गेल्या.

रंगराव नखशिखांत भिजलेले. मला वाटलं, आता शेड विसरा. ते ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले, मिशा पिळल्या आणि म्हणाले, "चूक माजीच हाय, मारुतराव. ज्याच्या सोताच्या डोक्यावर छप्पर न्हाई, त्याच्याकडनं मी छप्पर बसवून घेतलं. ही घ्या शेडची किल्ली."

मिळाली! दुसऱ्या दिवशी एकवीस मोदक वाहिले, किल्लीला कुंकू लावलं, ह्यांनी कुलूप काढलं, मी उंबऱ्यावर पाणी घातलं आणि उजवं पाऊल आत टाकलं. आत एवढा लख्ख उजेड! म्हटलं, देवाची कृपा, दिवासुद्धा लावायला नको. मग वर बघितलं. आभाळ. निळं, स्वच्छ. कालच्या वावटळीत पत्रे उडाले होते, त्यातला एक समोर आमच्याच चिंचेवर लटकत होता. हे वर बघत म्हणाले, "हाही उघडला की गं."

आता नवस कागदावर लिहून काढलाय. पत्रे बसू देत, बसले की बसलेलेच राहू देत, वाऱ्यालाही कळवून ठेव… काही सोडलं नाही. पाय पुन्हा डांबरावर. आणि चपला? त्या कोनाड्यात. असू देत तिथंच, निदान त्यांच्या डोक्यावर तरी छप्पर आहे.