दिसतो, पण वाढत नाही!

...नाही, पण मला सांगा, एखाद्या जंतूनं इतके नखरे करावेत? अहो, बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत जंतू वाढवतोय, घशातले, जखमेतले, लघवीतले, सगळे कसे दुसऱ्या दिवशी खाद्याची प्लेट भरून हजर! आणि हा? रक्ताच्या बाटलीत मजेत, मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या माळेसारखा ऐटीत, पण प्लेटवर काढला की उपोषण! दिसतो हो, पण वाढत नाही!

आणि रक्त कुणाचं? माझ्या सासऱ्यांचं! अठरा दिवस ताप, हृदयाच्या झडपेवर जंतू ठाण मांडून बसलेला, आणि डॉक्टरांचा रोज फोन, "नेहमीचं औषध लागू पडत नाहीये, हा कोण, कशानं मरतो ते सांगा, झडप गेली तर आपल्या हातात काही राहणार नाही." अहो, पण वाढल्याशिवाय सांगू कसं? साधी प्लेट झाली, मेंढीच्या रक्ताची झाली, तीन-तीन दिवस उबेत ठेवून झाली... दिसतो, पण वाढत नाही!

घरी बायको रडवेली, "फ्रिजमधल्या पातेल्यात तर आपोआप वाढतात, मग तुलाच कसा वाढवता येत नाही?" आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासूबाई, "जावईबापू, सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय मी, आमचे जावई जंतूंतले मोठे जाणकार!" आणि मग एकदम हळू आवाजात, "यांना काही होणार नाही ना हो?" काय सांगू? तडक प्रयोगशाळेकडे पळालो.

त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, चौथी प्लेट करताना डोकं ठिकाणावर नव्हतं. हातमोजा विसरलो आणि प्लेटला बोट लागलं! बावीस वर्षांत पहिल्यांदा! दुसऱ्या दिवशी बघतो तर बोट लागलं तिथे पिवळसर, गलेलठ्ठ ठिपका, माझ्याच कातडीवरचा भाडेकरू! कपाळावर हात मारला. आता फेकणार, सहज उजेडात धरली, तर... त्या लठ्ठ्याभोवती टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, आपला उपोषणवाला! फक्त त्याच्याभोवती, बाकी प्लेट कोरडी! म्हणजे शहाण्याला एक जीवनसत्त्व लागत होतं, बी-सहा, आणि ते स्वतः करायचं नाही, शेजाऱ्यानं सांडलेलं खायचं! लगेच नव्या प्लेटवर त्या जीवनसत्त्वाचा थेंब टाकला, आणि वाढला हो, वाढला! ओळखला, औषधं लावून पाहिली, डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जिन्यात उभा राहून रडलो मी, त्यात लाज कसली?

त्याच भरात सासूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या चुकून लागलेल्या बोटानं वाचले हो ते! त्यांनी डोळे पुसले, माझा हात हातात घेतला, बोट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या,

"मग पहिल्याच दिवशी का नाही लावलंत?"